बर्फीचे दोन पुडे

"मान जरा वर कर," असं म्हणत मी कल्याणीच्या गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांचा हार घातला आणि मागे दोऱ्याची गाठ मारायला लागले. बाजूबंद झाले होते, कंबरपट्टा झाला होता, अंबाड्यावरची वेणी माझ्या मनासारखी बसली होती. हिरव्यागार साडीवर तो पांढरा मोगरा असा काही खुलला होता, की माझी मीच पाठ थोपटून घ्यावी. बाहेर हॉलमध्ये झोपाळा सजला होता. कॉलनीतल्या झाडून सगळ्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून येऊन बसल्या होत्या आणि त्यांचा गलका आतल्या खोलीपर्यंत येत होता.

तेवढ्यात कल्याणीने हात मागे करून माझं मनगट धरलं. बाहेर एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं आणि हिचा हात गार पडला होता.

"हेमावहिनी, बाळ हलत नाहीये."

माझ्या हातातला दोरा सुटला. कधीपासून, म्हणून विचारलं. काल रात्री जेवल्यावर एकदा हललं होतं, म्हणाली, त्यानंतर काही नाही. सकाळी उठल्या उठल्या तिने सासूबाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, झोपलं असेल, गोड खा म्हणजे उठेल. तिने दोन लाडू खाल्ले होते, डाव्या कुशीवर पडून पाहिलं होतं, पोटावर हात ठेवून वाट पाहिली होती. एवढं सांगून ती थांबली, कारण दारात तिच्या सासूबाईच उभ्या होत्या.

"झालं का गं सजवून? चला, पाच वाजत आले. बायका खोळंबल्यात," असं म्हणून द्वारकाकाकूंनी सुनेला दंडाला धरून उठवलं आणि बाहेर नेलं. बाहेर आनंदाचा एकच गजर झाला.

मी तशीच उभी राहिले, पायाशी कळ्यांचा सडा. आता इथे मी कोण आणि कल्याणी कोण, हे सांगायला हवं.

या गोष्टीला पंचवीसेक वर्षं तरी झाली. नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे तेव्हा सगळं मोकळं रान होतं. द्राक्षांचे मळे आणि मधेच आमची नवी रो-हाउसची कॉलनी. आमच्या ह्यांची नोकरी अंबडला कंपनीत, म्हणून आम्ही तिथे घर घेतलं. माझा स्वभाव पहिल्यापासून तुसडा नव्हता, पण तिथे जाईपर्यंत झाला होता. कॉलनीतलं पहिलं हळदीकुंकू मला अजून आठवतं. कुंकू लावता लावता एकीने विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, नाहीत. झालं. वाटीतल्या तिळगुळाबरोबर मला तीन डॉक्टरांची नावं, दोन देवांचे नवस आणि एक झाडपाल्याचं औषध मिळालं. त्यानंतर मी कॉलनीतल्या कुठल्याही कार्यक्रमाला गेले नाही. बोलावणं आलं की माझं डोकं दुखायचं.

मग शेजारच्या कापडणीसांच्या प्रमोदचं लग्न झालं आणि कल्याणी आली. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत. ही पोरगी कढीपत्ता मागायला भिंतीवरून वाकायची आणि तासभर तिथेच लोंबकळायची. मी तुटक बोलायचे, तिला त्याचं काही नाही. बघता बघता तिने मला भिंतीपलीकडे ओढलं. आधी गणपतीच्या आराशीला, मग महिला मंडळाच्या सहलीला, मग फुलांच्या दागिन्यांसाठी. माझा हात फुलांत बरा चालतो हे तिनेच शोधून काढलं आणि गावभर केलं. आमचे हे म्हणायचे, "बरं झालं, माणसांत आलीस." मी म्हणायचे, माणसांत कुठली, मी फक्त फुलांत आलेय. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. रस्त्यात कुणीतरी हाक मारावी, याचीही सवय लागते.

द्वारकाकाकू म्हणजे कल्याणीच्या सासूबाई आणि महिला मंडळाच्या अध्यक्षही. त्यांच्या शब्दाबाहेर कॉलनीतलं पान हलत नसे. बाई दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगते. सुनेचे डोहाळे त्यांनी असे पुरवले होते, की सख्खी आईही पुरवणार नाही. रात्री भूक लागली तर उठून थालीपीठ लावून द्यायच्या. पण रीत म्हणजे रीत. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी त्या माझ्याकडे येऊन बसल्या आणि फार गोड शब्दांत म्हणाल्या, की दागिने तूच कर, तुझ्यासारखे कुणाला जमत नाहीत, मात्र ओटी लेकुरवाळ्याच भरतील, तेवढं मनाला लावून घेऊ नकोस. मी म्हटलं, नाही लावून घेत. त्या गेल्यावर उगाचच ओटा दोनदा घासला.

तर अशी मी त्या खोलीत उभी होते. खाली पडलेल्या कळ्या गोळा केल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेले.

काकू ओटीचं ताट लावत होत्या. तांदूळ, खण, नारळ, हळकुंड, सुपारी, सगळं कसं जिथल्या तिथे. मी जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं, की कल्याणीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. त्यांनी वर पाहिलं नाही. पहिलटकरणीला असंच वाटतं, म्हणाल्या, मला तीन झाली, मला नको सांगूस. तासाभरात ओट्या होतील, मग प्रमोद तिला दाखवून आणेल.

"तासभर नको, काकू. आत्ता."

तेव्हा त्यांनी पाहिलं. "हेमलता, पाटावर बसलेली बाई ओटी भरल्याशिवाय उठवत नाहीत. आजच्या दिवशी तोंडातून असलं काही काढूही नये. तुला कळायला हवं होतं."

शेवटचं वाक्य त्या हळूच बोलल्या, पण ते लागायचं तिथे लागलं. मागून दोन-तीन जणी पानं वाढायची का, ते विचारायला आल्या आणि काकू त्यांच्याकडे वळल्या. मला वाद घालायला फटही उरली नाही.

मी मागच्या दाराने निघाले आणि भिंतीला वळसा घालून आमच्या घरी आले. डोहाळजेवणात पुरुषांना मज्जाव, म्हणून प्रमोदला आणि शेजारच्या दोघांना आमच्याकडे धाडलं होतं. टीव्हीवर क्रिकेट चाललं होतं, पुढ्यात भजी होती. मी प्रमोदला ओट्यापाशी बोलावून घेतलं आणि सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. पोरगा चांगला होता, बायकोवर जीव होता त्याचा. पण त्याने पहिला प्रश्न विचारला तो आई काय म्हणतेय हा. मी सांगितलं. तो जरा सैल झाला.

"मग तासाभराचाच प्रश्न आहे ना, वहिनी? आईला यातलं जास्त कळतं. मला काय समजतं?"

मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. भिंतीपलीकडून गाणं ऐकू येत होतं, टाळ्या ऐकू येत होत्या. त्या टाळ्यांच्या मधे ती पोरगी पाटावर बसलेली, पोटावर हात ठेवून. पुन्हा तेच सगळं माझ्यासमोर घडणार आणि मी पुन्हा बघत राहणार, असं वाटलं.

आमचे हे कधी मागे येऊन उभे राहिले, कळलं नाही. त्यांनी प्रमोदकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. आमच्यात बरीच वर्षं ज्या गोष्टीचा शब्दही निघाला नव्हता, तीच दोघांच्या मनात होती. त्यांनी पायात चपला सरकवल्या.

"तू आत जा," म्हणाले. "मी कोपऱ्यावरच्या बच्छावांची व्हॅन घेऊन दारात येतो. तिला बाहेर आणायचं तुझं काम."

मी परत गेले. या वेळी पुढच्या दाराने.

हॉल गच्च भरला होता. कल्याणी पाटावर, मागे फुलांनी सजलेला झोपाळा, पुढ्यात चांदीचं ताट आणि त्यात झाकलेल्या दोन वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. तिने न बघता एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बायकांच्या उत्साहाला ऊत आला होता. एक म्हणतेय डावी उघड, दुसरी म्हणतेय उजवी, तिसरी म्हणतेय पोटाचा आकार बघा, पेढाच निघणार. काकू ओटीचं ताट घेऊन आतल्या दारात उभ्या होत्या, कौतुकाने बघत होत्या.

कल्याणीचा हात वाटीवर गेला आणि थांबला. "लाजतेय बघा," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. तिने मान वर केली आणि इतक्या बायकांत नेमकं माझ्याकडे पाहिलं. डोळे काठोकाठ भरले होते. ती लाजत नव्हती, तिला वाटी उघडायची भीती वाटत होती. जे आहे की नाही हेच माहीत नाही, ते मुलगा की मुलगी हे कसं ठरवायचं?

मी बायकांच्या मधून पुढे झाले. रांगोळीवर पाय पडला, मोराची मान पुसली गेली. मी तिच्या काखेत हात घातला.

"ऊठ. आपण दवाखान्यात चाललोय."

गाणं तुटलं. टाळ्या थांबल्या. माझ्या बांगडीत अडकून तिच्या दंडावरचा बाजूबंद तुटला आणि कळ्या ताटात, वाट्यांवर पडल्या. कुणाच्या तरी तोंडून अगबाई निघालं. काकू आतल्या दारातून तरातरा आल्या आणि हॉलच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या, हातातलं ताट तसंच.

"हेमलता, सोड तिला. काय मांडलंयस हे? भरल्या घरात?"

"दाराबाहेर गाडी येतेय, काकू. जाऊ द्या."

"ओटी भरू दे. दोन मिनिटं."

"एक भरली की दुसरी, दुसरी भरली की दहावी. मी नाही थांबणार."

तेव्हा मागून एक आवाज आला. कुणाचा ते मी आजही सांगणार नाही. ती बाई अजून कॉलनीत आहे आणि दर वर्षी माझ्याकडून लिंबाचं लोणचं घेऊन जाते. ती म्हणाली, "स्वतःची ओटी रिकामी राहिली, की दुसऱ्याची भरलेली बघवत नाही."

कल्याणीने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आपण आता रडणार, पण रडू आलं नाही. राग आला. इतक्या वर्षांचा साठलेला राग, आणि तो त्या बाईवरही नव्हता.

"माझी ओटी भरली होती," मी म्हटलं. "नऊ जणींनी भरली होती, चाळीसगावला. आठव्या महिन्यात बाळ हलायचं थांबलं. मी सांगितलं. सासूबाईंना सांगितलं, जावेला सांगितलं, माझ्या आईलाही सांगितलं. सगळ्या म्हणाल्या, झोपलंय. गोड खा, उठेल. सकाळी बघू. सकाळी नेलं, तेव्हा ते झोपलेलं नव्हतं, काकू."

एवढंच बोलले. बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग सुनेकडे पाहिलं. बहुतेक सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं असावं. ताटातला नारळ गडगडायला लागला, तो त्यांनी पकडला, ताट कुणाच्या तरी हातात दिलं आणि त्या दारातून बाजूला झाल्या.

व्हॅनमध्ये कल्याणी मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काकू. गाडी बच्छाव चालवत होते, प्रमोद आणि आमचे हे त्यांच्या शेजारी पुढे. काकूंच्या पायात चपला नव्हत्या आणि हातात तो नारळ तसाच होता. फाट्यावर ट्रकांची रांग लागली होती. आमचे हे खाली उतरून, हात करून करून रस्ता काढत होते. गाडीत मोगऱ्याचा वास कोंडला होता. मधेच कल्याणीने विचारलं, "वहिनी, हलेल ना?" मी तिला हो म्हटलं नाही. हो म्हणणाऱ्या मला पुष्कळ भेटल्या होत्या. मी फक्त तिचा हात धरून ठेवला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र लावलं, कान देऊन ऐकलं, जागा बदलली, पुन्हा ऐकलं. नाडी होती, पण फार मंद. मग एकदम धावपळ सुरू झाली. कुणी प्रमोदची सही घेतली, कुणी तिला ढकलगाडीवर घालून नेलं. नर्सने तिच्या अंगावरचे फुलांचे दागिने उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माझ्या हातात दिले. सकाळभर खपून केलेले दागिने. काकू बाकावर दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. आत रडण्याचा आवाज यावा म्हणून आम्ही सगळे कान लावून बसलो होतो. तो आला नाही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा प्रमोद भिंतीला धरून उभा राहिला. मुलगी, त्या म्हणाल्या. नाळ गळ्याभोवती आवळली होती. श्वास घ्यायला फार उशीर केला तिने, पण घेतला. काचेच्या पेटीत ठेवलीय. आणखी थोडा वेळ गेला असता तर आम्हाला काही करता आलं नसतं, आणि आताही लगेच काही सांगता येणार नाही.

पुढचे दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. कॉलनीत माझ्याशी कुणी बोलेना. नळावर गेले की बोलणी थांबायची. माझ्यामागे काय चाललं होतं, ते मला कळत होतं. ओटी अर्धवट राहिली, रांगोळी पायाने पुसली, नजर लागली. पोर वाचली नाही, तर ते सगळं माझ्या माथी येणार होतं. माणसांत येऊन पाहिलं, आता पुन्हा दार लावून घ्यायचं, असं मी ठरवूनही टाकलं होतं. पण त्याची मला भीती नव्हती. भीती होती ती भिंतीपलीकडच्या घरात कल्याणी रिकाम्या हातांनी परत येण्याची. रिकाम्या हातांनी परत येणं काय असतं ते मला माहीत होतं. झबली कपाटात घडी घालून ठेवावी लागतात आणि कुणी त्यांचं नावही काढत नाही.

मग एका संध्याकाळी कॉलनीत गडबड ऐकू आली. खिडकीतून पाहिलं तर द्वारकाकाकू हातात मोठी पिशवी घेऊन घरोघरी जात होत्या. दार उघडायचं, हसणं ऐकू यायचं, दार लागायचं. पोर पेटीतून बाहेर आली होती, आईच्या अंगावर प्यायली होती. नात झाली म्हणून बर्फी वाटत होत्या काकू. ते पाहून मी तिथेच खाली बसले आणि रडले. मग उठून तोंड धुतलं आणि वाट बघायला लागले. सगळ्यांत शेजारचं घर आमचं, पण काकू दुसऱ्या टोकापासून सुरुवात करून सगळी कॉलनी फिरल्या. आमच्या दाराची कडी वाजली तेव्हा दिवेलागण झाली होती.

त्या आत आल्या, बसल्या नाहीत. पिशवीतून बर्फीचा पुडा काढून माझ्या हातात ठेवला. पोरीला मोठं नाक आहे, म्हणाल्या, आमच्या घराण्याचं. बारशाला पहिली कुंची तू घालायचीस, कल्याणीने सांगितलंय, आणि मीही सांगतेय. मी मान हलवली. आता जातील, असं वाटलं. पण त्या उंबऱ्यापाशी थांबल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"तुला काय झालं होतं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सासरी नाही, माहेरी नाही. किती मुलं, ते सगळे विचारायचे.

"मुलगी," मी म्हटलं.

काकूंनी पिशवीत हात घातला. तळाशी एकच पुडा उरला होता. तो काढून त्यांनी माझ्या हातातल्या पुड्यावर ठेवला, नीट, कडेला कड लावून.

"ही तिची," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून निघून गेल्या.

आमचे हे कामावरून आले तेव्हा मी दिवाही न लावता टेबलाशी बसले होते. त्यांनी दिवा लावला. पुडे पाहिले आणि दोन कशाला दिले, म्हणून विचारलं.

"एक कल्याणीच्या मुलीचा," मी म्हटलं. "एक आपल्या."

त्यांनी मोरीत जाऊन हातपाय धुतले, देवापाशी क्षणभर उभे राहिले आणि येऊन माझ्या शेजारी बसले. मग वरच्या पुड्याचा दोरा सोडून त्यांनी एक बर्फी उचलली, अर्धी मोडून मला दिली आणि अर्धी स्वतः खाल्ली.